प्रसन्नतेची नोंदवही

मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत वर्षाच्या आरंभीं प्रत्येक नोकराकडून त्या सालचीं उद्दिष्टें लिहून घेण्याची पद्धति आतां रूढ झाली आहे. इतका माल विकीन, अमुक काम अमुक तारखेस पुरें करीन, अशीं तीं उद्दिष्टें असतात, आणि वर्षअखेर त्यांचा जाब घेऊन पगारवाढ ठरते. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु या यादींत अलीकडे आणखी एक कलम शिरूं लागलें आहे. कामाच्या ठिकाणीं सकारात्मक वातावरण राखीन, असें तें कलम. म्हणजे नोकरानें काम तर करावेंच, पण तें प्रसन्न मुद्रेनें करावें. आणि ती प्रसन्नता किती झाली याचें माप वरिष्ठानें घ्यावें. मालकानें असें उद्दिष्ट घालून द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां कचेरींतल्या शिष्टाचाराचा दिसतो. आमच्या मतें तो इतिहासाचा आहे. कारण हा प्रयोग नवा नसून दोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचे निकाल कागदोपत्रीं नमूद आहेत.

'सकारात्मकता' हा शब्द आमच्या कानास अद्याप परकाच वाटतो. आमच्या जुन्या बोलण्यांत हुरूप 'येतो', उल्हास 'वाटतो', आनंद 'होतो'. या गोष्टी माणसानें ठरवून करावयाच्या नसून त्याला व्हावयाच्या आहेत, असें आमचीं क्रियापदेंच सांगतात. पण शब्दांचा वाद येथेंच सोडूं.

या प्रयोगाचा आद्य प्रवर्तक म्हणून रॉबर्ट ओवेन (१७७१–१८५८) याचें नांव घ्यावें लागतें. वेल्समधील एका खोगीर करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. शाळा लहानपणींच सुटली. तथापि विशीच्या सुमारास तो मँचेस्टर येथें पांचशें माणसांच्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला होता. १ जानेवारी १८०० रोजीं त्यानें स्कॉटलंडांत क्लाइड नदीच्या कांठीं असलेल्या न्यू लॅनार्क येथील गिरण्यांचा कारभार हातीं घेतला. त्या गिरण्या १७८६ सालीं त्याचा सासरा डेव्हिड डेल यानें घातल्या होत्या. गांवची वस्ती दोन हजारांच्या आसपास. त्यांत सुमारें ५०० अनाथ मुलें गिरणींत कामास ठेवलेलीं. लोक दारू पितात, माल चोरतात, खोटें बोलतात, आणि नव्या परदेशी मालकावर त्यांचा काडीचाहि विश्वास नाहीं, असें ओवेनला आढळून आलें.

त्या काळच्या गिरणीवाल्यापाशीं अशा रोगावर तीनच औषधें असत: मार, दंड आणि कामावरून काढून टाकणें. ओवेननें मार बंद केला. त्याऐवजीं त्यानें जी युक्ति काढली तिला त्यानें 'सायलेंट मॉनिटर' असें नांव दिलें. आम्ही तिला मुका पंतोजी म्हणूं. हा पंतोजी म्हणजे दोन इंच लांब व एक इंच रुंद असा लांकडाचा चौकोनी ठोकळा. त्याच्या चार बाजूंस चार रंग: काळा, निळा, पिवळा आणि पांढरा. प्रत्येक कामकऱ्याच्या जवळ, सर्वांस दिसेल असा, एकेक ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीं त्याची वर्तणूक वाईट असली तर काळी बाजू पुढें, बेताची असली तर निळी, चांगली असली तर पिवळी, आणि उत्तम असली तर पांढरी. शिवाय प्रत्येक खात्याची एक वर्तनवही असे. तींत प्रत्येकाच्या नांवापुढें रोजच्या रोज एक ते चार यांपैकीं आंकडा पडे. एक वही दोन महिने चाले. वर्षास सहा वह्या होत, आणि त्या जपून ठेवल्या जात. ओवेन गिरणींतून फेरी मारी तेव्हां कोणास कांहीं बोलत नसे. ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही, आणि पुढें जाई. आरंभीं बहुतेक ठोकळे काळे होते. पुढें निळे, पिवळे आणि अखेर बरेचसे पांढरे झाले, असें त्यानें १८५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत समाधानानें लिहिलें आहे. हल्लींच्या कचेऱ्यांतील तक्त्यांवर तांबडे, पिवळे आणि हिरवे रंग भरणाऱ्या अधिकाऱ्यांस आपल्या या पूर्वजाची ओळख असेलसें वाटत नाहीं.

ओवेनला न्याय द्यावयाचा तर दोनतीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. चाबकाच्या जागीं रंग आला ही लहानसहान सुधारणा नव्हे. ज्या कामकऱ्याला आपल्यावर अन्याय झाला असें वाटे, त्याला थेट ओवेनकडे दाद मागतां येत असे. खातेप्रमुखहि या नियमांतून सुटले नव्हते. त्यांच्या वर्तनाचीहि अशीच नोंद होई. दहा वर्षांखालील मुलांस त्यानें कामास घेणें बंद केलें, आणि १८१६ च्या पहिल्या दिवशीं मुलांमाणसांच्या शिक्षणासाठीं मोठी संस्था उघडली. शिवाय तो नोंद करी ती वर्तणुकीची, मनाच्या प्रसन्नतेची नव्हे, असेंहि कोणी म्हणेल. हें खरें आहे. परंतु सूत किती कातलें हें न मोजतां कातणारा माणूस कसा आहे हें मोजावयाचें, हा उंबरठा ओवेननें ओलांडला. आणि तो एकदां ओलांडल्यावर वर्तणुकीपासून मुद्रेपर्यंतचें अंतर फार नाहीं. दुसरें असें कीं, खातेप्रमुखापर्यंत चढत गेलेली ही नोंद ओवेनच्या दारापाशीं थांबते. सगळ्या न्यू लॅनार्कमध्यें ज्याच्याजवळ रंगीत ठोकळा नव्हता असा माणूस एकच, आणि तो मालक.

आतां कामकऱ्यांचा विश्वास ओवेनला मिळाला तो या ठोकळ्यानें काय? याचें उत्तर त्यानें स्वतःच देऊन ठेविलें आहे, आणि तें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. पहिलीं सहासात वर्षें लोक त्याच्याकडे संशयानेंच पाहत होते. पुढें अमेरिकेनें कापसाची निर्यात बंद केली. कापसाचे भाव इतके भडकले कीं, गिरण्या चालू ठेवणें नुकसानीचें झालें. इतर मालकांनीं गिरण्या बंद करून माणसांस घरीं बसविलें. ओवेननेंहि यंत्रें थांबविलीं. परंतु चार महिनेपर्यंत कोणाचाहि एक पेनी न कापतां पुरा पगार दिला. यंत्रें पुसून साफ ठेवावीं एवढेंच काम होतें. या चार महिन्यांत सात हजार पौंडांहून अधिक रक्कम पगारांत गेली. त्यानंतर लोकांचीं मनें आपल्याकडे वळलीं, असें त्याचें सांगणें आहे. मुका पंतोजी त्याच्याहि आधींपासून टांगलेला असो वा नसो, मनें वळलीं तीं मालकानें आपल्या थैलीला हात घातला तेव्हां.

१८१९ सालीं इंग्रज कवि रॉबर्ट साउदी हा टेलफर्ड नामक प्रसिद्ध स्थापत्यविशारदाबरोबर स्कॉटलंडच्या प्रवासांत न्यू लॅनार्क येथें आला. तेथील स्वच्छता, टापटीप, मुलांचें नाचणें-गाणें हें सर्व त्यानें पाहिलें, आणि आपल्या रोजनिशींत असा अभिप्राय लिहिला कीं, या गिरणींत आणि गुलामांच्या मळ्यांत वरवरचा फरक आहे, मुळांत तितकासा नाहीं. येथील माणसें गोरीं आहेत, त्यांस सोडून जाण्याची मुभा आहे. पण जोंवर येथें आहेत तोंवर तीं एका माणसाच्या मर्जीनुसार चालतात. साउदी तोंवर जुन्या मताचा झालेला, ओवेन नव्या मताचा. त्यामुळें या अभिप्रायांत थोडा मत्सरहि असेल. तरी मुलांची ती कवाईत पाहून ज्याच्या मनांत शंका आली असा पाहुणा विरळा, म्हणून त्याची साक्ष आम्हांस मोलाची वाटते.

न्यू लॅनार्कमध्यें मालकानें आपण होऊन दिलें. जेथें मालक आपण होऊन देत नाहीं, तेथें काय होतें याचें उदाहरण आमच्या वाचकांस घरचेंच आहे. १८८४ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरल्या आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पांच: दर रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावें, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा, आणि कामावर असतां जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा पंगु झाल्यास पोटगी मिळावी. या अर्जांत आम्हांस सुखी करा असें एकहि वाक्य नाहीं. मागितलें तें सगळें घड्याळानें आणि पंचांगानें मोजतां येण्यासारखें. सहा वर्षें गेलीं. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार कामगार सभेस जमले, दोन स्त्रियाहि त्या सभेंत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ज्या दिवशीं गिरणगांवांत भजनें झालीं, कुस्त्या झाल्या, माणसें नातेवाइकांकडे गेलीं, तो रविवार अशा रीतीनें गाऱ्हाण्यांतून निघाला. त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांची नोंद जर कोणी मुक्या पंतोजीकडे सोपविली असती, तर ५,५०० ठोकळे त्या दिवशीं काळे झाले असते.

आतां अमेरिकेकडे वळावयाचें. कारण ओवेनची कल्पना तिकडे मोठ्या भांडवलानिशीं पुन्हां उभी राहिली. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावरचें काम इतकें जीव नकोसा करणारें होतें कीं, १९१३ सालीं १४,००० च्या आसपास माणसें कायम ठेवण्यासाठीं वर्षभरांत ५२,००० हून अधिक माणसें भरावीं लागलीं. ५ जानेवारी १९१४ रोजीं फोर्डनें आठ तासांचा दिवस आणि रोज पांच डॉलर जाहीर केले. पूर्वींच्या मजुरीच्या हें दुपटीहून अधिक होतें, आणि लोक टिकूं लागले. येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण पांच डॉलरांपैकीं निम्म्याच्या जवळपासचा भाग मजुरी नसून नफ्याचा वांटा होता, आणि तो वांटा सुपात्रासच मिळावयाचा होता. पात्रता ठरविण्यास 'समाजशास्त्रीय खातें' उघडलें. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरीं जात: नवराबायको नीट नांदतात कीं नाहीं, घर स्वच्छ आहे काय, दारू किती, बँकेंत शिल्लक किती, भाडोत्री ठेवले आहेत काय, हें सर्व टिपून घेत. नापास होणाऱ्यास सुधारण्यास मुदत मिळे. पुढें या खात्यावर सॅम्युएल मार्क्विस नांवाचा धर्मोपदेशक नेमला गेला. तो मनानें भला होता. १९२१ सालीं तो नोकरी सोडून गेला, आणि दोन वर्षांनीं त्यानें फोर्डच्या स्वभावावर एक निराशेनें भरलेलें पुस्तक लिहिलें.

या कारखान्याची अखेर कोठें झाली पाहा. १९३० नंतरच्या दशकांत फोर्डच्या रूज येथील कारखान्यांत कामावर बोलणें, गाणें, शीळ घालणें हे गुन्हे ठरले. ओठ न हालवितां कुजबुजण्याची एक कला मजुरांनीं साध्य केली, आणि तिला 'फोर्डची कुजबूज' असें नांवच पडलें. १९४० सालीं तेथील एका मजुरास हसतांना पकडला म्हणून काढून टाकण्यांत आलें, अशी हकीकत कीथ स्वॉर्ड यानें आपल्या १९४८ च्या ग्रंथांत दिली आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या मालकानें मजुराच्या घरच्या सुखाची तपासणी केली, त्याच्याच छपराखालीं स्मित हा अपराध झाला. यांत विसंगति आहे असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. मजुराचा चेहरा ही मालकाच्या हुकमतीची वस्तु आहे हें एकदां मान्य केल्यावर त्यावर हसूं असावें कीं नसावें, हा केवळ मालकाच्या त्या वर्षींच्या सोयीचा प्रश्न उरतो.

याहून सूक्ष्म आणि याहून सद्‌हेतूचा प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथें झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यांत १९२४ पासून दिव्यांच्या उजेडाचा कामावर काय परिणाम होतो याची परीक्षा चालू होती. १९२७ च्या एप्रिलांत टेलिफोनचे 'रिले' जुळविणाऱ्या पांच मुली व त्यांस सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहा जणींस वेगळ्या खोलींत बसविण्यांत आलें. त्यांच्या मजुरीची रीत बदलली, मधल्या सुट्या दिल्या, खाऊ दिला, दिवस लहान केला. आठवड्याचें काम दर मुलीमागें सुमारें २,४०० रिलेंवरून ३,००० च्या घरांत गेलें. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांनीं पुढें जगाला सांगितलें कीं, पैशापेक्षां आपुलकीच्या वागणुकीनें हा चमत्कार केला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. तींत एक गोष्ट मात्र हळू आवाजांत सांगितली जाते. १९२८ च्या जानेवारींत त्या पांचांपैकीं दोन मुलींस, फार बोलतात व सहकार्य करीत नाहींत म्हणून, खोलींतून काढून परत पाठविलें आणि त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी आणल्या. ॲलेक्स केरी यानें १९६७ सालीं एका निबंधांत या गोष्टीवर बोट ठेविलें. कुरकुरणाऱ्यांस दाराबाहेर काढल्यावर आंत राहिलेल्यांची प्रसन्नता मोजण्यांत कसलें शास्त्र, हा त्याचा आक्षेप आम्हांस निरुत्तर करणारा वाटतो.

तरीहि हॉथॉर्नचा दुसरा अध्याय आम्हांस ओवेनच्या ठोकळ्यापेक्षां व फोर्डच्या तपासनिसापेक्षां श्रेष्ठ वाटतो. १९२८ पासून १९३० पर्यंत कंपनीनें २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आरंभीं ठराविक प्रश्न विचारीत. मग असें दिसून आलें कीं, माणसाला आपल्या मनांतलें बोलावयाचें असतें तें प्रश्नांत बसत नाहीं. म्हणून प्रश्न टाकून देऊन नुसतें ऐकावयाचें ठरलें. कोणत्याहि मालकानें एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपल्या माणसांचीं गाऱ्हाणीं ऐकल्याचें दुसरें उदाहरण आमच्या माहितींत नाहीं. मोऱ्यांविषयीं, कपाटांविषयीं, मुकादमांविषयीं पुष्कळ उपयुक्त माहिती यांतून हातीं आली. पण त्याचबरोबर अधिकाऱ्यांस एक मोहक शोध लागला. एका कामगारानें कंपनीच्या उपाहारगृहांतील जेवणाबद्दल सविस्तर तक्रार सांगितली, आणि पुढें जेवण सुधारल्याबद्दल आभारहि मानले. वास्तविक जेवणांत कांहींएक फरक झालेला नव्हता! बोलून मन हलकें झालें कीं पुरे, असा धडा यांतून घेतला गेला. १९३६ सालीं कंपनीनें कायमचे सल्लागार नेमले. ते कामगाराचें सर्व कांहीं ऐकत. परंतु त्यावर कांहीं करणें, किंवा तें वर कळविणें, त्यांच्या कामांत बसत नव्हतें. तक्रार ऐकली जाई आणि तेथेंच जिरे. ही व्यवस्था वीस वर्षें चालून १९५६ च्या सुमारास बंद झाली.

या सर्व वृत्तांतावरून आमचें मत काय तें आतां सांगतों. मालकानें वातावरणासंबंधीं उद्दिष्टें अवश्य ठरवावीं. पण तीं स्वतःसाठीं आणि आपल्या अधिकाऱ्यांसाठीं. पगार वेळेवर झाला काय, किती तक्रारी आल्या व त्यांपैकीं कितींचा निकाल लागला, चांगलीं माणसें सोडून कां गेलीं, हाताखालच्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करणाऱ्या वरिष्ठास कोणी जाब विचारला काय, या गोष्टी मोजतां येतात आणि त्या मालकाच्या हातच्या आहेत. नोकरानें नोकराशीं सभ्यतेनें वागावें, शिव्या देऊं नयेत, हाहि नियम रास्त आहे. एक तिरसट माणूस सबंध खोली नासवितो हा अनुभव आम्हां मास्तर लोकांसहि अपरिचित नाहीं. परंतु प्रसन्न असणें हें नोकराचें उद्दिष्ट झालें कीं गाऱ्हाणें हा आपोआप कसूर होतो. मग गाऱ्हाणीं बंद होतात, नोंदवहींतले सगळे ठोकळे पांढरे दिसूं लागतात, आणि आपल्या घरांत काय चाललें आहे हें कळण्याची एकुलती एक खिडकी मालकानें स्वतःच्या हातानें लावून घेतलेली असते. नोकराचें नुकसान तर आहेच. तो आपलें दुःख घरीं घेऊन जातो. विमानांतील परिचारिकांस हुकमाचें हसूं दिवसभर धारण केल्यावर स्वतःचें हसूं कोणतें हेंच कळेनासें होतें, याची मीमांसा आर्ली हॉख्शिल्ड या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं केली, ती जिज्ञासूंनीं मुळांतून वाचावी.

हाच वाद अलीकडे अमेरिकेंत न्यायासनापुढेंहि गेला. टी-मोबाईल या टेलिफोन कंपनीच्या नियमपुस्तकांत असा नियम होता कीं, नोकरांनीं सहकाऱ्यांशीं, ग्राहकांशीं व वरिष्ठांशीं सकारात्मक वातावरण टिकेल अशा रीतीनें बोलावें. तेथील १९३५ च्या कायद्यानें कामगारांस एकत्र येऊन आपल्या नोकरीच्या अटींविषयीं बोलण्याचा हक्क दिलेला आहे. एप्रिल १९१६ नव्हे, एप्रिल २०१६ मध्यें राष्ट्रीय कामगारसंबंध मंडळानें हा नियम बेकायदा ठरविला. कारण पगाराविषयीं किंवा कामाच्या ताणाविषयीं तक्रार करणें हेंहि वातावरण बिघडविणें होय, असा नोकर त्याचा अर्थ करील. जुलै २०१७ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें या नियमापुरता तो निकाल फिरविला: कोणताहि समंजस नोकर हा साधा सभ्यतेचा नियम आहे असेंच समजेल, असें न्यायमूर्तींचें म्हणणें पडलें. म्हणजे सगळा वाद अक्षरांचा नव्हता, तीं अक्षरें वाचणाऱ्याचा होता. ऑगस्ट २०२३ मध्यें स्टेरिसायकल नांवाच्या दुसऱ्या एका कंपनीच्या प्रकरणीं मंडळानें अशा नियमांची परीक्षा करण्याची नवी कसोटी घालून दिली. नियम वाचावयाचा तो न्यायाधीशाच्या किंवा वकिलाच्या नजरेनें नव्हे. ज्याचें पोट त्या मालकाच्या नोकरीवर अवलंबून आहे, आणि ज्याला आपलें म्हणणें मांडावयाचें आहे, अशा माणसाच्या नजरेनें तो वाचावा, असें त्या निर्णयांत ठरलें.